"मॅडम, डाएट बंद करते, मांड्या फाटायला लागल्यात" : स्ट्रेच मार्क्सच्या एका केसची पूर्ण नोंद

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, "मॅडम मी उद्यापासून डाएट बंद करतेय, वजन कमी करायच्या नादात मांड्या फाटायला लागल्यात, आई म्हणते पुरे झालं आता." सोबत एक फोटो होता, ट्यूबलाइटच्या उजेडात घाईघाईत काढलेला, त्यात धड काही कळत नव्हतं पण जांभळट पट्टे दिसत होते एवढं नक्की. मी तिला एवढंच लिहिलं की उद्या काही बंद करू नकोस, आधी ये, दाखव, मग दोघी बसून ठरवू.

मी नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ही केस तिच्या परवानगीने लिहितेय आणि तिची ओळख पटेल असं यात काही ठेवलेलं नाही. लिहायचं कारण असं की वजन कमी करणाऱ्या किती तरी मुली याच भीतीने मधेच थांबतात, आणि तिच्या बाबतीत खरा दोषी जो निघाला तो वर्षानुवर्षं घराघरात कपाटात पडलेला असतो.

आधी तिची पार्श्वभूमी सांगते. वय २९, उंची १५८ सेंटिमीटर, पतसंस्थेत काउंटरवर बसून काम. दहावीत वजन ५२, मग होस्टेलला गेली आणि तिथे ७० पर्यंत चढलं, पुढे दोनदा उपाशी राहून दहा-दहा किलो कमी केलं आणि दोन्ही वेळा कमी झालं त्याहून जास्त परत आलं, २०२० च्या लॉकडाऊननंतर तर थेट ९४. भारतीय लोकांमध्ये बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात, हिचा तेव्हा साडेसदतीसच्या पुढे होता. घरात स्थळं बघणं चालू झालं आणि तिने जूनमध्ये स्वतःच्याच डोक्याने सूप आणि ज्यूसवर राहायला सुरुवात केली, सहा आठवड्यांत ९४ वरून ८६.४, केस मूठमूठ गळायला लागले तेव्हा ऑगस्टमध्ये माझ्याकडे आली.

त्या वेळचं तिचं खाणं लिहून काढलं तर दिवसाला जेमतेम तीसेक ग्रॅम प्रोटीन होत होतं. मी ते हळूहळू ८० च्या आसपास नेलं, त्यात परदेशी डबे वगैरे काही नाही, सकाळी तीन अंडी, दुपारी मटकीची किंवा मुगाची उसळ नाहीतर घट्ट वरण, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री कधी सोयाबीन वड्या कधी पनीर, मधे दही-ताक, आणि चपात्या तीनच पण ठेवल्या. पेरू-आवळा रोज काही तरी एक, कारण शरीराला कोलॅजेन बनवायला व्हिटॅमिन सी लागतं, आणि ते बाटलीतून घ्यायची काही गरज नाही, नाशिकच्या बाजारात पेरू भरपूर मिळतो. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं आणि आठवड्यातून तीन दिवस घरीच डंबेल्स, उठाबशा असा व्यायाम. ऑगस्ट ते फेब्रुवारी या २६ आठवड्यांत ती ७४.६ वर आली, म्हणजे आठवड्याला साधारण साडेचारशे ग्रॅम, मला हवा होता तसाच वेग. आठवड्याला अर्धा ते एक किलो या हिशोबाने गेलं की स्नायू टिकतात, कातडीला आवळायला वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे माणूस असं खाणं टिकवू शकतो, परत वजन चढू न देणं जमू शकतं.

हे शेवटचं का महत्त्वाचं ते आधी सांगते, कारण सगळा घोळ इथेच होतो. स्ट्रेच मार्क्स येतात ते कातडी ताणली जाते तेव्हा. वरच्या पातळ थराखाली जो जाड थर असतो, ज्यात कोलॅजेन आणि इलास्टिनचे धागे असतात, तो पटकन ताणला गेला की ते धागे तुटतात आणि तिथे व्रणासारखी खूण राहते. वयात येताना, गरोदरपणात, भराभर वजन वाढताना, जिममध्ये झपाट्याने खांदे-छाती वाढवणाऱ्या मुलांना काखेजवळ, सगळीकडे प्रकार तोच, आणि आईला असतील तर मुलीला यायची शक्यता जास्त. वजन कमी होताना कातडी ताणली जात नाही, सैल पडते. मी तिला ब्लाउजचं उदाहरण दिलं, ब्लाउज घट्ट झाला की शिवण उसवते, सैल झाला म्हणून कधी उसवलाय का? पण सैल झाल्यावर आधीची उसवलेली जागा लोंबते आणि जास्त नजरेत येते, तसंच पोटाचं होतं. म्हणून वजन कमी करताना स्ट्रेच मार्क्स टाळायचे म्हणजे खरं तर परत वजन चढू न देणं, ते उपाशी राहणं आणि मग दुप्पट खाणं, वर-खाली वर-खाली, प्रत्येक चढणीला नवीन खुणा पडू शकतात.

आता ती बुधवारी आली तेव्हाचं. आई सोबत होती, दोघींचे चेहरे उतरलेले. आधी पोट बघितलं. बेंबीच्या खाली आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंना बारीक, पांढुरक्या, चमकदार रेघा, हात फिरवला तर किंचित खोलगट लागतात. ती म्हणाली या सगळ्या डाएटनंतर आल्या. मी तिला फोनमधला जुना एखादा साडीतला फोटो शोधायला लावला. २०२१ मधला मामेबहिणीच्या हळदीचा एक सापडला, वजन तेव्हा नव्वदच्या घरात, पदर थोडा सरकलेला आणि खिडकीचा उजेड बाजूने कंबरेवर पडलेला. दोन बोटांनी मोठा करून बघितला तर त्याच रेघा, त्याच जागी. आईसुद्धा चष्मा लावून बघत बसली. सुरुवातीला या खुणा लालसर किंवा जांभळट असतात, आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या रंगावर कधी नुसत्या काळपट दिसतात, आणि काही महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षाने, पांढऱ्या पडतात. हिच्या पोटावर पांढऱ्या म्हणजे त्या जुन्या, होस्टेलच्या आणि लॉकडाऊनच्या काळातल्या, डाएटचा त्यात काही हात नाही. पोटाचा प्रश्न इथे सुटला.

मांड्यांचा मात्र सुटेना. आतल्या बाजूला, जांघेपासून साधारण चार बोटं खाली, दोन्हीकडे रुंद पट्टे, जांभळट, सगळ्यात मोठा शाळेच्या पट्टीने मोजला तर ११ मिलिमीटर. तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतली शीर दिसत होती. आणि त्या पट्ट्यांच्या खालच्या कडेला एक अर्धगोल लालसर, खरखरीत किनार, म्हणजे गजकर्णाची असते तशी. दंडावर काही नाही, पाठीवर काही नाही, पोटऱ्यांवर नाही, मांडीच्या बाहेरच्या बाजूला पण नाही. वजनामुळे असतं तर एवढ्या मोजक्या जागेतच कसं? मी विचारलं, इथे काही लावतेस का गं?

"हो, ती खाजेची क्रीम."

पर्समधून तिने ट्यूब काढली. शेपटाकडून गुंडाळत गुंडाळत आणलेली, झाकण तडकलेलं, नावावरचा रंग बोटांनी उडालेला. मागची बारीक अक्षरं मोबाइलचा टॉर्च लावून वाचली, बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल ०.०५ टक्के. क्लोबेटासोल म्हणजे अंगाला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात तीव्र गटातलं औषध, ते दोन आठवड्यांच्या वर सलग लावायचं नसतं आणि जांघेत, काखेत, चेहऱ्यावर तर लावायचंच नसतं, कारण तिथली कातडी पातळ, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे औषध भरमसाठ आत शिरतं. ते कोलॅजेन बनणं थांबवतं, कातडी पातळ करतं आणि मग साध्या चालण्या-बसण्याच्या ताणानेसुद्धा ती आतून फाटते.

कधीपासून? सप्टेंबरपासून. पावसात चालून आल्यावर ओल्या लेगिंग्जवरच कामाला बसायची, मांड्या घासायच्या, गजकर्ण झालं, लाजेने डॉक्टरकडे गेली नाही, मेडिकलमध्ये काकांना सांगितलं "खाज येते", त्यांनी ही ट्यूब दिली, दोन दिवसांत खाज गेली. चार दिवस बंद केली की परत यायची, परत लावायची. असे पाच महिने आणि सहा ट्यूबा. यातलं वाईट हे की स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं पण बुरशीला वाढायला मोकळं रान देतं, म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडतंय आणि गजकर्ण मात्र पसरत राहतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये कडक केल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. तरी मिळतात हो. सर्रास मिळतात. मला याचा इतका राग येतो की काय सांगू, एक लाजरी मुलगी काउंटरवर कुजबुजत "खाज येते" म्हणते आणि तिला आयुष्यभर राहणारी खूण बांधून दिली जाते.

इथे माझीही चूक आहे ती लिहिते. माझ्या पहिल्या दिवसाच्या फॉर्ममध्ये "कुठली औषधं चालू आहेत" असं होतं, आणि तिने थायरॉइड नाही, शुगर नाही म्हणून "काही नाही" लिहिलं होतं. क्रीमला कोणी औषध समजत नाही, आणि मी वेगळं विचारलं नव्हतं. सहा महिने ती दर पंधरा दिवसांनी माझ्यासमोर बसत होती, वजनकाट्यावर चढत होती, आणि मला पत्ता नव्हता. आता मी पहिल्याच दिवशी विचारते, लावायचं काय काय आहे, चेहऱ्याला, जांघेत, काखेत, आणि शक्यतो ट्यूबच घेऊन यायला सांगते.

आजाराचं निदान करणं माझं काम नाही, म्हणून तिला त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं आणि चिठ्ठीत एक शंका मुद्दाम लिहिली. रुंद, जांभळे, सेंटिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे पट्टे दिसले की कुशिंग सिंड्रोम डोक्यात यायलाच हवा, त्यात शरीरातच कॉर्टिसोल नावाचं हार्मोन जास्त होतं किंवा बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे तसं होतं, चेहरा गोल होतो, जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं, जिना चढताना मांड्यांत ताकद राहत नाही, बीपी आणि शुगर वाढते. हिला यातलं बाकी काही नव्हतं, उलट पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढत होती. तरी डॉक्टरांनी बीपी, शुगर आणि सकाळी आठचं कॉर्टिसोल बघितलं, कारण एवढी तीव्र क्रीम इतके महिने लावली की ती रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल दाबू शकते. सगळं ठीक आलं. किनारीची कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, बुरशी निघाली. ट्यूब बंद, पोटातून बुरशीच्या गोळ्या आणि लावायला स्टेरॉइड नसलेली क्रीम, किमान दोन महिने, बरं वाटलं तरी थांबवायचं नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे सगळ्यात अवघड गेले आणि याबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्टेरॉइड बंद केलं की दबलेली लाली आणि खाज उसळून वर येते. पाचव्या दिवशी तिचा फोन, रडत होती, मॅडम आधीपेक्षा वाईट झालंय, एकदाच लावू का ती? रात्री झोप नाही, पतसंस्थेत खुर्चीवर बसवत नाही. मी डॉक्टरांशी बोलायला लावलं, त्यांनी खाजेची गोळी दिली, थंड पाण्याची घडी ठेवायला सांगितली, आणि ट्यूब घरातून बाहेर टाकायला सांगितली. त्या आठवड्यांत मी तिचं वजन कमी करणं थांबवलं, कॅलरी वाढवून वजन आहे तिथेच धरलं. ज्या माणसाला झोप नाही त्याला वर उपाशी ठेवायचं मला पटत नाही, आणि शिवाय तिच्या डोक्यात "डाएटमुळे झालं" हे इतकं घट्ट बसलेलं होतं की तेव्हा काहीही बिघडलं असतं तर दोष डाएटवरच गेला असता.

बाकीच्या गोष्टी साध्याच. घट्ट लेगिंग्ज बंद, मांड्या घासू नयेत म्हणून सैल सुती सायकलिंग शॉर्ट्स, चालून आल्याबरोबर अंघोळ आणि जांघ पूर्ण कोरडी करून मगच कपडे, टॉवेल वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुवून उन्हात आणि शिवणीवर इस्त्री. टॉवेलचं बोलणं चालू असताना आई एकदम गप्प झाली. मग हळूच म्हणाली, मला पण परकराच्या नाडीखाली आहे, आणि तीच ट्यूब लावते. कंबरेभोवती गोलाकार चट्टा, वर्षभरापासून. म्हणजे मुलगी बरी झाली असती तरी घरातून परत झाली असती. आईची ट्रीटमेंट त्याच आठवड्यात सुरू झाली.

आता खुणांवर उपाय काय केला. आईने आधीच तेलं आणली होती, एक बदामाचं, एक महागाची बाटली, शिवाय कोको बटर, सगळे मिळून अडीच हजारांच्या आसपास. मी फेकून द्या म्हटलं नाही, कोरडी कातडी मऊ राहते, खाज कमी होते, एवढा फायदा आहेच. पण या तेलांनी स्ट्रेच मार्क्स येणं थांबतं याला चांगला पुरावा नाही, २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने गरोदर बायकांवरचे सहा प्रयोग, मिळून ८०० बायका, असे तपासले होते आणि कुठल्याही क्रीम-तेलाचा ठाम उपयोग सापडला नव्हता. आपल्याकडे हा विषय फार जुना आहे, चरकसंहितेत सातव्या महिन्यातल्या गरोदर बाईच्या वर्णनात "किक्किस" म्हणून याच खुणा येतात आणि तिथेही सांगितलंय की खाज आली तरी खाजवू नये, कातडी विद्रूप होते. खाजवू नका हा सल्ला मी आजही जसाच्या तसा देते. जांघेत तर तेल अजिबात नको सांगितलं, ओलसर जागेत तेल चोपडणं बुरशी असताना बरं नाही.

नवीन, लाल खुणांवर ट्रेटिनॉइन नावाची क्रीम काही प्रमाणात काम करते. १९९६ मधल्या एका प्रयोगात ०.१ टक्क्याची क्रीम २४ आठवडे लावून खुणांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के कमी झाली होती, म्हणजे पुसल्या जात नाहीत, कमी होतात. हिला ती दिली नाही, कारण जांघेतली पातळ झालेली कातडी आणखी चिडली असती. गरोदरपणात तर ती वापरतच नाहीत, लग्न ठरत असलेल्या मुलीला हे आधी सांगायला हवं म्हणून सांगते. लेझरचं तिने विचारलं होतं, पण आपल्या रंगाच्या कातडीवर चुकीचा लेझर काळे डाग सोडू शकतो आणि मांडीला डॉक्टरांनी काहीच न करता थांबायचं ठरवलं. मला तो निर्णय आवडला. कातडी स्वतःहून थोडी जाड होऊ द्यायची.

पोटावरच्या पांढऱ्या रेघांसाठी, बुरशी पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर, जुलैपासून मायक्रोनीडलिंग केलं, बारीक सुयांनी टोचून आतल्या थराला नवीन कोलॅजेन बनवायला लावायचं, महिन्याच्या अंतराने चार सिटिंग. आधी सुन्न करायची क्रीम, नंतर दोन-तीन दिवस लाल, उन्हात जायचं नाही. फोटो आम्ही माझ्या केबिनच्या त्याच खिडकीशी, सकाळी अकराला, पट्टी शेजारी धरून काढत होतो, कारण उजेड बदलला की खूण आहे तशी असूनही नाहीशी वाटते, जाहिरातीतल्या आधी-नंतरच्या फोटोंमध्ये बरेचदा तेवढाच फरक असतो. तिच्या मते तीस टक्के फरक पडला. मी विचारलं असतं तर वीस म्हटलं असतं. खोलगटपणा कमी झाला, रंग तसाच पांढुरका राहिला. बेंबीखाली जी सैल कातडी आहे तिच्यावर याचा उपयोग नाही, ती वेगळी गोष्ट, ती हवीच असेल तर ऑपरेशन, आणि तेही वजन सहा महिने-वर्षभर स्थिर राहिल्यावर. तिला सध्या नकोय.

वजन मार्चअखेर परत उतरायला लागलं आणि ऑक्टोबरमध्ये ६७.८ झालं. या सगळ्या काळात, जवळजवळ सात किलो आणखी कमी होताना, एकही नवीन खूण आली नाही, पट्टीने मोजून बघितलंय. मांडीवरचा ११ मिलिमीटरचा पट्टा ८ वर आला, जांभळा रंग जाऊन फिकट तपकिरी झालाय, शीर आता दिसत नाही. पट्टा आहे, राहील, तिला माहितीय.

गेल्या भेटीत तिने वजनाचं विचारलंच नाही. महापालिकेच्या तरण तलावावर बायकांच्या बॅचला नाव घालायचंय म्हणाली, लहानपणापासून पाण्यात उतरायचं होतं, क्लोरीनने मांडीला काही होईल का? डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या, बुरशी जाऊन चार महिने झालेत, खुशाल जा, बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंघोळ कर, जांघ कोरडी कर, ओला पोहायचा ड्रेस घालून घरापर्यंत येऊ नकोस. सोमवारपासून सकाळी साडेसहाची बॅच आहे, आईनेही फॉर्म भरलाय.